अणवीय चुंबकत्वमापकाची संवेदनशीलता : एका आकड्याची चिकित्सा

कोणत्याही शास्त्रात काही आकडे असे असतात की, ते वारंवार उद्धृत झाल्यामुळे त्यांची जन्मकथा विसरली जाते. अणवीय चुंबकत्वमापकाच्या बाबतीत असा आकडा म्हणजे ०.१६ फेम्टोटेस्ला प्रति वर्गमूळ हर्ट्झ. आमच्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या प्रबंधांच्या आराखड्यांत, चर्चासत्रांतील निबंधांत, इतकेच नव्हे तर उपकरण खरेदीच्या प्रस्तावांतही तो पहिल्याच पृष्ठावर आढळतो. या आकड्याच्या खरेपणाविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती तो ज्या रीतीने वापरला जातो त्या रीतीविषयी. उपकरणाची संवेदनशीलता हा त्या उपकरणाच्या अंगचा गुण आहे, लोखंडाला वजन असावे तशी ती त्याला चिकटलेली आहे, आणि उपकरण कोठेही नेले तरी ती बरोबर येते, असे हा वापर गृहीत धरतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. अणवीय चुंबकत्वमापकाची संवेदनशीलता ही उपकरण आणि त्यावर लागू असलेले क्षेत्र या दोहोंची मिळून असते. क्षेत्राचे परिमाण, दिशा, प्रवणता आणि कालानुसार होणारा बदल या चार गोष्टी सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा आहे.

हा विचार करण्यास निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याच्या कामाचे. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे गाव आहे. गोदावरीच्या दक्षिणेकडील हा प्रदेश वरून काळ्या मातीचा आणि खालून दख्खनच्या बेसाल्टाचा. तेथल्याच रहिवासी असलेल्या या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत जुळविलेला सीझियम-बाष्पाचा चुंबकत्वमापक घेऊन गावाच्या शिवारात उत्तर-दक्षिण रेषा चालून मोजल्या. लाव्हाप्रवाहांच्या सीमा मातीखाली कोठे आहेत ते पाहावे, हा हेतू. एकाच रेषेवर उत्तरेकडे जाताना आणि दक्षिणेकडे परतताना घेतलेल्या वाचनांत त्याला पाच ते सहा गॅमांचा फरक आढळला. (गॅमा म्हणजेच आजचा नॅनोटेस्ला, भूचुंबकीय वेधशाळांच्या जुन्या नोंदी वाचणाऱ्यांच्या तोंडी तोच शब्द बसला आहे.) फेम्टोटेस्लाची बढाई मारणाऱ्या जातीचे उपकरण आणि गॅमांचा फरक! परीक्षकाने समासात लिहिले की, वाचने घेण्यात निष्काळजीपणा झालेला दिसतो. तो परीक्षक प्रस्तुत लेखकच होता, हे येथे सांगितले पाहिजे.

प्रथम त्या आकड्याची जन्मकथा पाहू. प्रिन्स्टन येथील रोमालिस आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली पोटॅशियमच्या बाष्पावर चालणारे जे उपकरण प्रसिद्ध केले, त्याची संवेदनशीलता १० फेम्टोटेस्लांच्या आसपास होती. २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात ती ०.५४ वर आली आणि २०१० साली ०.१६ वर. यामागील तत्त्व हॅपर आणि टँग यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते. अल्कली धातूंचे अणू एकमेकांवर आदळले की, त्यांच्या स्पिनची अदलाबदल होते आणि सामान्यतः त्यामुळे अनुस्पंदन-रेषा रुंदावते. परंतु या टकरी परांचनाच्या गतीपेक्षा पुष्कळ अधिक वेगाने होऊ लागल्या, तर रेषा रुंदावण्याऐवजी उलट अरुंद होते, कारण दोन टकरींच्या दरम्यान अणूला आपल्या मार्गावरून भरकटण्यास अवसरच मिळत नाही. तेव्हा दोन गोष्टी हव्यात : बाष्प दाट हवे आणि क्षेत्र जवळजवळ शून्य हवे.

हे ‘जवळजवळ शून्य’ किती, याचे गणित विद्यार्थ्याने स्वतः एकदा करून पाहावे. पोटॅशियमची कुपी १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापविली म्हणजे एका घन सेंटिमीटरात अणूंची संख्या एकावर चौदा शून्यांच्या घरात जाते आणि प्रत्येक अणूच्या अशा टकरी सेकंदाला सुमारे एक लाख होतात. आता बीड जिल्ह्यातील भूचुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ हजार गॅमा आहे. पोटॅशियमची परांचन-कंप्रता दर गॅमाला ७ हर्ट्झ, म्हणजे या क्षेत्रात सुमारे ३ लाख हर्ट्झ. कोनीय मापाने सेकंदाला जवळजवळ १९ लाख रेडियन. टकरींचा वेग परांचनाच्या पुढे असावयास हवा, तो येथे वीस पटींनी मागे पडतो. अर्थात मोकळ्या शिवारात ही अरुंद रेषा मिळूच शकत नाही. ती मिळते ती म्यू-धातूच्या अनेकपदरी कवचात, जेथे उरलेले क्षेत्र कुंडलांतील प्रवाहाने आणखी खाली आणून काही गॅमांच्या आत ठेवलेले असते.

आणखी एक बाब. कवचाचा धातू विद्युत्-वाहक असल्यामुळे त्यातील उष्णताजन्य प्रवाह स्वतःच काही फेम्टोटेस्लांचा गोंगाट निर्माण करतात. २००३ चा आकडा मिळाला तो एकाच कुपीतील शेजारशेजारच्या भागांची वाचने परस्परांतून वजा करून. २०१० च्या उपकरणात सर्वांत आतले कवच फेराइटाचे होते आणि तेथेही मांडणी वजाबाकीचीच होती. म्हणजे तो आकडा क्षेत्राचा नसून क्षेत्रांच्या अंतराचा आहे. मूळ निबंधांत हे सारे स्वच्छ लिहिलेले आहे. लेखकांकडे बोट दाखविण्यास जागा नाही. दोष उद्धृत करणाऱ्यांचा आहे. त्यांनी आकडा उचलला आणि त्याखालची जमीन तेथेच सोडून दिली. २०१० च्या त्या निबंधात खडकांच्या नमुन्यांचे अवशिष्ट चुंबकत्व मोजून दाखविलेले आहे, हे दख्खनच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे. परंतु तेथे खडकाचा तुकडा कवचात नेला जातो, कवच खडकाकडे नेले जात नाही.

यावरून कोणी असे समजेल की, लागू केलेले क्षेत्र म्हणजे या उपकरणाचा शत्रू. तसेही नाही. १९५० साली कास्तलेर यांनी प्रकाशाच्या साहाय्याने अणूंचे स्पिन एका दिशेस आणण्याची युक्ती सुचविली आणि १९५७ पासून डेमेल्ट, बेल व ब्लूम यांनी तिच्यातून चुंबकत्वमापनाची वाट काढली. या वाटेवरील उपकरणांत क्षेत्र हाच घड्याळाचा लंबक आहे. क्षेत्र नसेल तर परांचन नाही, परांचन नसेल तर मोजावयाचे काय? १९६९ साली ड्यूपाँ-रॉक, हारोश आणि कोएन-तानूजी यांनी रुबिडियमवर शून्य क्षेत्राजवळ जे मापन केले, ती निराळी शाखा. आजची शून्य-क्षेत्री उपकरणे त्या शाखेची वारस आहेत. दोन शाखांचे गुणदोष भिन्न आहेत. एका शाखेचा आकडा दुसरीच्या नावावर मांडणे हा निव्वळ गोंधळ होय.

चकलांब्याच्या शिवारात नेलेले उपकरण पहिल्या शाखेचे. त्याच्यावर लागू असलेले ४३ हजार गॅमांचे क्षेत्र काय करते, ते आता पाहू. लेखाचा खरा विषय हाच आहे.

क्षीण क्षेत्रात झीमान-पातळ्या समान अंतरावर असतात, असे पाठ्यपुस्तक सांगते. पृथ्वीचे क्षेत्र या अर्थाने पुरेसे क्षीण नाही. सीझियमच्या वरच्या अतिसूक्ष्म पातळीचे नऊ भाग होतात आणि त्यांच्यामध्ये आठ संक्रमणे असतात. ४३ हजार गॅमांत सीझियमची कंप्रता सुमारे दीड लाख हर्ट्झ. परंतु शेजारच्या दोन संक्रमणांत सुमारे ५ हर्ट्झचे अंतर पडते. आठ रेषांचा हा पट्टा ३४ हर्ट्झ, म्हणजे सीझियमच्या हिशेबाने जवळजवळ १० गॅमा रुंद होतो. प्रत्येक रेषेची स्वतःची रुंदी वीसेक हर्ट्झ असली तर आठही रेषा एकमेकींत मिसळून एकच कुबड दिसते आणि त्या कुबडाचा माथा कोठे येईल हे अणू कोणत्या पातळीत अधिक जमले आहेत यावर ठरते. रुबिडियम-८७ मध्ये शेजारच्या रेषांतील अंतर सुमारे २६ हर्ट्झ. ना धड मिसळलेल्या, ना धड सुट्या, अशी अडचणीची अवस्था. पोटॅशियममध्ये मात्र हे अंतर ३९० हर्ट्झच्या घरात जाते, रेषा स्वच्छ सुट्या होतात आणि त्यांतील एकच धरून मोजता येते. एकच क्षेत्र तीन धातूंशी तीन तऱ्हांनी वागते, ते असे. शून्य क्षेत्रात तिन्ही धातूंची तुलना करून ‘अधिक संवेदनशील कोणता’ हे ठरविणाऱ्या कोष्टकांचा शिवारात काही उपयोग नाही, हे यावरून ध्यानात यावे.

अणू कोणत्या पातळीत जमतील हे ठरते ते प्रकाशाची दिशा आणि क्षेत्राची दिशा यांमधील कोनावरून. आणि येथेच त्या विद्यार्थ्याच्या पाच-सहा गॅमांचे मूळ आहे. त्याने उपकरणाचा अक्ष एका छापील मार्गदर्शिकेत सांगितल्याप्रमाणे चालण्याच्या दिशेने ४५ अंश खाली झुकवून धरला होता. ती मार्गदर्शिका ज्या अक्षांशांसाठी लिहिली गेली, तेथे, उदाहरणार्थ मध्य युरोपात, क्षेत्राचा नमनकोन ६५ अंशांच्या आसपास असतो. तेथे उत्तरेकडे जाताना अक्ष व क्षेत्र यांत २० अंशांचा कोन पडतो, दक्षिणेकडे येताना ७० अंशांचा. दोन्ही कोन काटकोनाहून लहान. अणू दोन्ही वेळा पट्ट्याच्या एकाच टोकाकडे जमतात आणि जो फरक पडतो तो माफक असतो. बीड जिल्ह्यात नमनकोन सुमारे २८ अंश. तोच झुकाव ठेवला तर उत्तरेकडे जाताना कोन १७ अंशांचा होतो आणि परतताना १०७ अंशांचा! काटकोन ओलांडला गेला. आता अणू पट्ट्याच्या विरुद्ध टोकाकडे जमतात, इलेक्ट्रॉनिक मंडल कला बदलून पुन्हा अनुस्पंदन पकडते, वाचन येते, तबकडीवर काहीच विपरीत दिसत नाही. आणि कुबडाचा माथा काही गॅमांनी सरकलेला असतो. दहा गॅमांच्या पट्ट्यात पाच-सहा गॅमांचे सरकणे हे त्या उपकरणाचे अपेक्षित वर्तन होते. विद्यार्थी काळजीपूर्वकच चालला होता. निष्काळजीपणा परीक्षकाचा.

उपायही गणितातच आहे. अक्ष उभा धरला, तर क्षेत्राशी त्याचा कोन ६२ अंशांचा राहतो आणि चालणारा कोणत्याही दिशेस वळला तरी तो बदलत नाही. शिवाय संकेताचा जोर त्या कोनाच्या ज्या व कोज्या यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्यामुळे तो ४५ अंशांच्या झुकावापेक्षा वाढतोच. चकलांब्यास उभा अक्ष, म्यूनिकला कललेला. एवढी साधी गोष्ट, परंतु संवेदनशीलता ही उपकरणाचीच मालमत्ता मानणाऱ्याच्या डोक्यात ती येत नाही. आमच्याही आली नव्हती.

क्षेत्राची प्रवणता हा तिसरा प्रश्न आणि दख्खनवर तो विशेष बिकट आहे. बेसाल्टात मॅग्नेटाइटाच्या जातीची खनिजे असतात. खडकाचे चुंबकन मीटरला एक अँपिअर एवढे धरले, तरी त्याच्या पृष्ठालगत सहाशे गॅमांपर्यंतचे क्षेत्र संभवते. आणि उघड्या कातळावर, विशेषतः सुटे धोंडे पडलेल्या माळावर, मीटरभर अंतरात शेकडो गॅमांचा फरक पडावा यात नवल नाही. समजा प्रवणता मीटरला हजार गॅमा आहे आणि कुपीचा व्यास अडीच सेंटिमीटर. कुपीच्या दोन टोकांत २५ गॅमांचा, सीझियमच्या कंप्रतेत ८७ हर्ट्झचा फरक. वीस हर्ट्झ रुंदीच्या रेषेचे यात काय होईल ते सांगावयास नको. मात्र येथेही कुपी कोणती हे विचारले पाहिजे. आतून मेणाचा लेप दिलेल्या कुपीत अणू भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळे फिरतात आणि पुष्कळसा फरक स्वतःच सरासरीत घालवितात. नायट्रोजनासारखा वायू भरलेल्या कुपीत ते जागच्या जागी अडकतात आणि प्रत्येक अणू आपल्या ठिकाणचे क्षेत्र सांगू लागतो. शून्य क्षेत्रात दुसरी कुपी सरस ठरलेली असली, तरी कातळावर पहिली सरस ठरू शकते. उपकरण उंच धरणे हा आणखी एक मार्ग. लहान धोंड्याची प्रवणता अंतराच्या चौथ्या घाताने उतरते. अर्ध्या मीटरवरून दोन मीटरांवर गेल्यास ती अडीचशे पटींनी घटते, आणि लाव्हाप्रवाहाच्या विस्तृत सीमेचा संकेत तुलनेने फारसा घटत नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह १९५९ साली दख्खनच्या बेसाल्टाच्या पुराचुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी, १९५६ साली, क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचे काम आले होते. दख्खनच्या खडकांचा मोठा भाग आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित आहे, हे ज्ञान त्या पिढीचे. अशा कामासाठी त्या काळी ब्लॅकेट यांच्या धाटणीचा अस्थैतिक चुंबकत्वमापक वापरीत. त्यात दोन समान चुंबक एकमेकांविरुद्ध टांगलेले असतात, त्यामुळे सर्वत्र सारखे असलेले क्षेत्र आपोआप वजा होते आणि जवळ ठेवलेल्या खडकाचे तेवढे उरते. आजच्या अणवीय प्रवणतामापकाने नवे तत्त्व आणले, असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा आम्हांस त्या टांगलेल्या चुंबकांची आठवण होते. अणू नवे आहेत. वजाबाकी जुनीच आहे.

कालानुसार बदलणाऱ्या क्षेत्राचा विचार महाराष्ट्रात फार पूर्वी झाला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत आली. शहरात विजेच्या ट्राम येणार असे दिसताच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलविले. तेथील इमारत स्थानिक काळ्या दगडाची न करता, चुंबकीय नसल्याची परीक्षा घेऊन निवडलेल्या पोरबंदरी दगडाची केली. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेऊन दोन्ही ठिकाणांतील नाते बांधले, आणि मग कुलाब्याची मालिका थांबविली. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. मूस यांच्या या कृतीत एक पूर्ण टीकाशास्त्र आहे. त्यांची उपकरणे उत्तम होती. तरीही उपकरणाच्या नावलौकिकावर विसंबून न राहता त्यांनी जागेलाच उपकरणाचा भाग मानले.

अलिबागच्या नोंदींवरून दिसते की, शांत दिवशीसुद्धा क्षैतिज घटक दुपारपर्यंत काही दशक गॅमांनी वर जाऊन पुन्हा उतरतो. २ सप्टेंबर १८५९ च्या वादळात कुलाब्यास तो सुमारे १६०० गॅमांनी खाली आल्याची नोंद आहे. मेंदूच्या क्षेत्रांच्या मापनासाठी आज वापरात असलेल्या शून्य-क्षेत्री उपकरणांची कार्यकक्षा दीड गॅमाच्या आसपास असते. म्हणजे अलिबागच्या एका सामान्य सकाळीच ती आंधळी व्हावयाची. २०१८ साली बोटो आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर घालता येण्याजोगी अशी उपकरणे वापरून हालचाल करणाऱ्या माणसाच्या मेंदूचे मापन केले, त्याचे यश बव्हंशी कवचाच्या खोलीतील उरलेसुरले क्षेत्र निष्प्रभ करणाऱ्या कुंडलांचे आहे. कौतुक मात्र अणूंचे झाले.

चकलांब्याच्या शिवारात ट्राम नाही. पण विहिरींवरील विजेचे पंप आहेत, त्यांच्या तारा आहेत. एका तारेतील दहा अँपिअर प्रवाहाचे दहा मीटर अंतरावर दोनशे गॅमांचे क्षेत्र होते. तिन्ही तारांत प्रवाह समतोल असेल तर बरेचसे परस्परांत विरते. असमतोल असेल तर उरते. हे क्षेत्र सेकंदाला पन्नास आवर्तने करते. उपकरण एकूण क्षेत्राचे परिमाण मोजीत असल्यामुळे भूक्षेत्राच्या दिशेतील त्याचा घटक सरळ उमटतो. काटकोनातील घटक उमटत नाही असे आपण म्हणतो, पण वर्गाच्या पदाने तोही शिरकाव करतो : दोनशे गॅमांच्या आंदोलनामुळे सरासरी वाचन सुमारे पाव गॅमाने कायमचे वर जाते. त्याहून फसवी गोष्ट वेगळीच आहे. उपकरण सेकंदाला दहा वाचने घेत असेल आणि प्रत्येक वाचनाचा प्रत्यक्ष मोजणीचा काळ त्या दशांश सेकंदाहून बराच आखूड असेल, तर पन्नासची कंप्रता गडप होऊन तिची सावली उरते. विजेची कंप्रता ५०.०५ असल्यास ही सावली वीस सेकंदांत एक हेलकावा घेते. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्याच्या आलेखात वीस मीटर लांबीची संथ लाट उमटते. आणि वीस मीटरांची संथ लाट पाहून लाव्हाप्रवाहाची सीमा सापडली असे कोणास वाटणार नाही? फेम्टोटेस्लाचे उपकरण असते तर ही लाट अधिक सुबक दिसली असती, इतकेच.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो वाजवी आहे. २०२० साली लाइम्स आणि सहकाऱ्यांनी कवचाविना, पृथ्वीच्या उघड्या क्षेत्रात, मानवी मेंदूचे व हृदयाचे चुंबकीय संकेत अणवीय प्रवणतामापकाने टिपून दाखविले. मग क्षेत्राचा बाऊ कशासाठी? आमचे उत्तर असे की, हा निबंध आमच्याच म्हणण्यास पुष्टी देतो. त्या कर्त्यांनी भूक्षेत्रातील परांचनच मोजले. प्रकाशाचे प्रखर स्पंद देऊन अणूंचे स्पिन जवळजवळ पूर्णपणे एका दिशेस आणले. प्रकाश बंद असताना वाचन घेतले, ज्यायोगे प्रकाशामुळे होणारे पातळ्यांचे विस्थापन टळावे. आणि दोन जवळच्या जागांची वजाबाकी केली. क्षेत्राकडे दुर्लक्ष करून ते जिंकले नाहीत. क्षेत्र किती, कोठून आणि कसे बदलते आहे हे धरूनच त्यांनी उपकरण रचले. आणि त्यांच्या जवळपास बेसाल्टाचा धोंडा नव्हता.

आराखड्यांच्या परीक्षणात यापुढे आम्ही संवेदनशीलतेच्या आकड्याशेजारी क्षेत्राचे परिमाण, अक्षाशी त्याचा कोन, कुपीच्या लांबीवरील प्रवणता आणि वाचनाचा काळ ही चार मापे मागणार आहोत. ज्यांना ती देता येत नाहीत त्यांनी आकडा देऊ नये. त्या विद्यार्थ्याच्या वहीतील समासातला शेरा खोडून त्याखाली तारीख घातली आहे. त्याने अक्ष उभा धरून रेषा पुन्हा चालल्या. जाता-येतानाचा फरक एका गॅमाच्या आत आला. पूर्वेकडील एका रेषेवर वीसेक मीटरांची एक लाट मात्र अद्याप टिकून आहे. रेषेजवळून विजेची तार जाते. ती लाट कातळाची की तारेची, हे शिवारातील वीज बंद असताना ती रेषा पुन्हा चालल्याखेरीज सांगता येणार नाही.